नव्या रंगावरचा खडूचा गोल

मी एक जुनी जीप आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी फार दमलेली आहे. तुम्ही दमलात की बसता, आडवे होता, पाय वर करून पडता. मला ती सोय नाही. मी दमले तरी चार चाकांवर उभीच असते. तेव्हा माझ्या बोलण्यात मध्येच कुरकुर ऐकू आली तर मनावर घेऊ नका. ती थोडी स्वभावाची आहे आणि बरीचशी बिजागऱ्यांची.

माझा जन्म एका लांबच लांब शेडमध्ये झाला. शेडच्या एका टोकाने सपाट पत्रे आत जायचे आणि दुसऱ्या टोकाने गाड्या बाहेर पडायच्या. मधल्या वाटेवर कुणी मला दाबले, कुणी वाकवले, कुणी जोडले आणि कुणी हिरव्या रंगात न्हाऊ घातले. शेवटच्या माणसाने माझ्या बॉनेटवर एक थाप मारली आणि तो म्हणाला, "चला, पुढची." माझे कौतुक झाले ते एवढेच.

एक गोष्ट मात्र तेव्हापासूनची सांगायला हवी. माझ्या दोन्ही बाजूंना दारांच्या खाली एक लांब पोकळ पेटी आहे, पत्र्याचीच. घराच्या दाराला उंबरा असतो, तशी. म्हणून मी तिला उंबराच म्हणते. आत चढताना माणसे त्यावर पाय देतात. पायाखालचा पत्रा त्याला जोडलेला असतो आणि सीटही त्याच्याच आधाराने उभी असते. या उंबऱ्याच्या तळाला बोटाच्या पेराएवढी चार भोके होती. मला वाटले, घाईघाईत बुजवायची राहून गेली असतील. मी तेव्हा नवी होते आणि नव्या गाडीला काही कळत नसते.

मला विकत घेतले ते गुरांच्या डॉक्टरांनी. आता त्यांना सगळे थोरले डॉक्टर म्हणतात, कारण त्यांची मुलगीही पुढे गुरांची डॉक्टर झाली. आमचे काम डोंगरातल्या वस्त्यांवर. दुरून डोंगर साजरे असे म्हणतात, ते ज्याने कुणी म्हटले त्याच्या टायरखाली ते डोंगर आले नसणार. दगड, चिखल, पुन्हा दगड. बावीस वर्षे मी थोरल्या डॉक्टरांना घेऊन चढले आणि उतरले. माझ्या मागच्या सीटवर शेळ्या बसल्या, आणि एका शेळीने ती सीट खाल्लीसुद्धा. एक वासरू तर माझ्याच पोटात जन्मले, कारण गाय उतरवून घ्यायला वेळच मिळाला नाही. माझा हॉर्न ऐकला की वस्तीवरची माणसे गोठ्याचे दार उघडून उभी राहत. "आली डॉक्टरांची जीप," असे म्हणत. 'आले डॉक्टर' असे कुणी म्हणत नसे. हे मी नीट ऐकून ठेवलेले आहे.

डॉक्टर मला जपत. चिखलातून आलो की स्वतः आडवे पडून मला खालून धूत. वरून सगळेच धुतात हो, खालून धुणारा विरळा.

तरी गंज लागलाच. गंज काही कुणाच्या मायेला बधत नाही. बारा वर्षांपूर्वी ड्रायव्हरच्या बाजूचा माझा उंबरा एका जागी खाल्ला गेला, आणि डॉक्टरांनी मला मिस्त्रींकडे नेले.

मिस्त्री म्हणजे गाड्यांच्या पत्र्याचे काम करणारा माणूस. अंगाने बुटका, मनगटाने जाड. त्यांचे गॅरेज एका गल्लीच्या टोकाला, वर पत्रा आणि खाली तेलाने काळी झालेली जमीन. भिंतीवर खिळ्यांना हातोड्या टांगलेल्या, लहानापासून मोठ्यापर्यंत, एखाद्या मोठ्या कुटुंबाच्या फोटोसारख्या. मिस्त्री पत्र्याचे काम करत आणि त्यांची बायको रंगाचे. तिला सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणते.

त्या दोघांची काम करायची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. मिस्त्री कामाला कानाने सुरुवात करत. गाडी आली की रेडिओ बंद. मग ते एक छोटी हातोडी घेऊन गाडीला सगळीकडून हलकेच ठोकत जात आणि मान कलती करून ऐकत. पत्रा चांगला असेल तर 'टण्ण' असा आवाज येतो. वरून पुट्टी आणि आत गंज असेल तर 'ठप्प' असा येतो. टण्ण आला की मिस्त्री खडूने रेघ मारत. ठप्प आला की गोल काढत. गोल म्हणजे कापायचे, रेघ म्हणजे सोडायचे. हे ठोकणे पुरे होईपर्यंत गॅरेजात कुणी पाना उचलायचा नाही आणि खोकायचेही नाही. गिऱ्हाईक असला तरी.

वहिनींचे सगळे बोटांत होते. पुट्टी घासून झाली की त्या एक पातळ फडके तळहाताखाली धरत, डोळे मिटत आणि पत्र्यावरून हात फिरवत. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा त्यांच्या बोटांना सापडे. "इथं अजून आहे," असे म्हणत आणि पुन्हा पॉलिश पेपर घेऊन बसत. आणि एकदा रंग दिला की त्या रंगाला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. मिस्त्रींचीही नाही. एकदा थोरल्या डॉक्टरांनी ओल्या रंगावर चष्मा टेकवला होता, ते त्यांना अजून ऐकून घ्यावे लागते.

तर तेव्हा मिस्त्रींनी माझा खाल्लेला उंबरा कापला आणि नवा जाड पत्रा बसवला. वेल्डिंग असे केले की जोड शोधून सापडू नये. मग त्यांची नजर तळाच्या त्या चार भोकांवर गेली.

"हे बघा डॉक्टर, इथूनच पाणी आत जातं," ते म्हणाले. "कंपनीवाल्यांना अक्कल नाही. मी बुजवून टाकतो. माझ्या हातचा उंबरा आहे, तुमच्या नातवंडांना पुरेल."

त्यांनी चारही भोके वेल्डिंगने बंद केली आणि घासून अशी गुळगुळीत केली की वहिनींनी त्यावरून हात फिरवून मान डोलावली. सगळे खूश. मीही खूश. मित्रांनो, चूक कधीकधी इतकी सुबक असते की तिचे कौतुकच होते.

पुढे थोरल्या डॉक्टरांचे गुडघे गेले. त्यांनी काम सोडले आणि मी घरामागच्या झाडाखाली उभी राहिले. दोन वर्षे. पहिल्या वर्षी कुणीतरी येऊन मला सुरू तरी करत असे. दुसऱ्या वर्षी कोंबड्यांनी माझ्या सीटवर अंडी घातली. खरे सांगते, मला वाईट वाटले आणि बरेही वाटले. सुटले एकदाची, असे म्हणत होते. पण धाकट्या डॉक्टरबाई शिकून आल्या, नवी कोरी चकचकीत गाडी घेऊन डोंगरात गेल्या आणि तिसऱ्याच दिवशी ती ओढून आणावी लागली. चौथ्या दिवशी त्या हातात नवी बॅटरी घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या. कोंबड्या उठल्या आणि मी पुन्हा कामाला लागले. माझ्या वयाच्या गाड्यांचे एव्हाना खिळे झालेले असतात, आणि मला म्हातारपणी नोकरी लागली.

याला आता सात वर्षे झाली. आणि ती भोके बुजवल्याला बारा. या बारा वर्षांत माझ्या पोटात काय चालले होते ते कुणाला दिसत नव्हते. पाणी वरून येतच असते. दाराच्या फटीतून येते, ओल्या बुटांतून येते, धुण्यातून येते. पूर्वी ते त्या चार भोकांतून टपटप गळून जायचे. ती भोके कशाला होती, ते मला तेव्हा कळले. आता पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. ते उंबऱ्यात साठे आणि आतून पत्रा खात बसे. वर वहिनींचा रंग तसाच तुकतुकीत. बडा घर, पोकळ वासा म्हणतात, तशी मी झाले होते.

आणि माझ्यासारखेच मिस्त्रींचेही काहीतरी आतून चालले होते.

दोन वर्षांपूर्वी मागच्या दाराच्या कामासाठी मी त्यांच्याकडे चार दिवस होते, तेव्हा मला ते कळले. गॅरेजातला रेडिओ पूर्वीपेक्षा मोठा लागत होता. गिऱ्हाईक काही बोलले की मिस्त्री आधी वहिनींच्या तोंडाकडे बघत. वहिनी लगेच म्हणत, "ते विचारतायत, गुरुवारी होईल का?" मग मिस्त्री गिऱ्हाइकाला सांगत, "गुरुवारी नाही, शनिवारी." चाळीस वर्षे कानाशी हातोडी वाजवलेली, कान तरी किती टिकणार? पण मिस्त्रींनी ते कुणाला सांगितले नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांचे नावच मुळी त्यांच्या कानावर उभे होते.

दुपारी डबा खाऊन मिस्त्री बाकावर डुलकी काढत. त्या वेळात वहिनी पुट्टीच्या पट्टीची लाकडी मूठ घेऊन उठत आणि गाडी पुन्हा हलकेच ठोकून बघत. जिथे मिस्त्रींनी चुकून रेघ मारलेली असे तिथली रेघ पदराने पुसत आणि गोल काढत. अगदी मिस्त्रींसारखाच, खालून सुरू करून उजवीकडे वळणारा. मिस्त्री उठले की तो गोल कापायला घेत. कुणाचा आहे, हे त्यांना कळत नसे. हे सगळे मी पाहिले. मला काय, मी गाडी. मला तोंड नाही.

आता या वर्षीची गोष्ट. डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर समोरून लाकडाने भरलेला ट्रक आला. धाकट्या डॉक्टरबाई मला मागे घेत होत्या आणि माझे चाक घसरले. मी कड्याच्या बाजूला घासत गेले. पुढचा मडगार्ड चुरगळला, ड्रायव्हरकडच्या दाराला हातभर पोचा पडला, दिवा फुटला. डॉक्टरबाईंना खरचटलेही नाही. त्यांनी दार दोरीने बांधले, वर जाऊन अडलेल्या गाईची सुटका केली आणि मगच मला खाली आणले. मी कण्हत होते, पण माझ्याकडे कोण बघते? वासरू छान होते म्हणे.

मिस्त्रींच्या दारात पोचलो तर वहिनी पिशवी भरून निघालेल्या. धाकटी बहीण जिन्यावरून पडून तिचा पाय मोडला होता आणि तिच्याकडे बघायला दुसरे कुणी नव्हते. वहिनींनी एक नजर माझ्याकडे टाकली, एक मिस्त्रींकडे.

"अहो, मी येईपर्यंत हिला ठोकून बघू नका," त्या मोठ्याने म्हणाल्या. "पोचे काढा, दिवा बसवा. ठोकायचं मी आल्यावर."

"का? तू काय माझी मास्तरीण आहेस?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

वहिनींनी तोंड उघडले. मला वाटले, आता बोलणार. पण बस सुटायची वेळ झाली होती आणि दारात डॉक्टरबाई उभ्या होत्या. परक्या माणसासमोर नवऱ्याची झाकली मूठ कशी उघडायची? "काही नाही. डबा वेळेवर खा," एवढे म्हणून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी रेडिओ बंद केला आणि छोटी हातोडी घेतली.

मडगार्ड, दार, हे तर डोळ्यांनाच दिसत होते, तिथे गोल बरोबर पडले. मग ते खाली बसले आणि उंबऱ्यावर आले. ठोकले. ठप्प. इतका सरळ ठप्प की गल्लीतल्या कुत्र्यालाही कळावा. मिस्त्रींनी मान कलती केली, दुसरा कान पुढे केला, पुन्हा ठोकले. त्यांच्या कपाळावर आठी पडली. मी जीव एकवटून वाजायचा प्रयत्न करत होते. पण कुजलेला पत्रा कितीही जीव एकवटला तरी ठप्पच वाजतो. मिस्त्री स्वतःशीच म्हणाले, "हा तर माझ्याच हातचा. याला काय होतंय?" आणि त्यांनी लांब, ठसठशीत रेघ मारली.

मित्रांनो, मी तुमच्यापासून लपवणार नाही. त्या क्षणी माझ्या मनात वाईट विचार आला. जाऊ दे, म्हटले. मोडू दे एकदाचा हा उंबरा. मोडला की मी भंगारात जाईन, आडवी होईन आणि झोपेन. किती वर्षे ताटकळत उभे राहायचे? पण मग आठवले की उंबरा मोडतो तेव्हा आपण एकटे नसतो. वर सीट असते. सीटवर ती मुलगी असते, जी दोन वर्षांची असताना माझ्या स्टिअरिंगला लोंबकळली होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि पायाखालचा पत्रा सुटला तर? मला भीती वाटली. इतकी भीती मला कड्यावर घासतानाही वाटली नव्हती.

पुढचे अकरा दिवस तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पण मिस्त्रींच्या हाताला नावे ठेवणार नाही. आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हातोडी मारत ते पोचा असा उतरवत की पत्रा आपणहून जागेवर आल्यासारखा वाटे. थोरले डॉक्टर रोज काठी टेकत येत आणि स्टुलावर बसत.

"मिस्त्री, सोमवारी झाली पाहिजे बरं का," ते म्हणत. "वरच्या वस्तीत साथ आलीय. लसी येऊन पडल्यात. त्या चढाला दुसरी गाडी जात नाही."

मिस्त्री सगळ्याला मान डोलावत. काम तर खरेच वेळेत होत होते. वहिनींना चकित करायचे म्हणून त्यांनी रंगही स्वतःच दिला. माझा तोच जुना हिरवा. दाराच्या एका कोपऱ्यात रंगाचा ओघळ आला, तेव्हा ते चोरासारखे इकडेतिकडे बघू लागले.

रविवारी दुपारी वहिनी आल्या. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून माझ्याभोवती एक फेरी मारली. डोळे मिटून दारावरून हात फिरवला.

"हात अजून चांगला आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "हा ओघळ सोडला तर."

"कुठला ओघळ?" मिस्त्री म्हणाले आणि ओघळासमोर जाऊन उभे राहिले.

वहिनी हसल्या. मग त्यांचे हसू थांबले. "ठोकून बघितलं?"

"मग बारा दिवस काय माशा मारत होतो?"

"आणि उंबरा?"

"तो माझ्याच हातचा आहे," मिस्त्री म्हणाले.

वहिनींनी पुट्टीची पट्टी घेतली, माझ्याजवळ उकिडव्या बसल्या आणि लाकडी मुठीने ठोकले. ठप्प. थोडे पुढे. ठप्प. बिजागरीखाली ठोकले तेव्हा माझ्या आतून गंजाचे पापुद्रे चर्र करत खाली पडले. वहिनींचा हात तिथेच थांबला. मिस्त्री मागे उभे राहून त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते. शाबासकीची वाट बघत होते. त्यांना तो चर्र ऐकूच आला नव्हता.

नेमक्या तेव्हाच थोरले डॉक्टर आणि धाकट्या डॉक्टरबाई मला न्यायला आले.

"वा, काका! नवरीसारखी केलीत की," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काकू, नेऊ ना? उद्या सकाळी सातला वर पोचायचंय."

वहिनी उभ्या राहिल्या. "थांब गं, अजून एक हात रंगाचा..." त्या म्हणू लागल्या. मला ही युक्ती ओळखीची होती. गाडी ठेवून घ्यायची, मिस्त्री झोपले की गोल काढायचा आणि कुणाला काही कळू द्यायचे नाही. सहा वर्षे हेच चालले होते. पण रंगाखाली गोल काढता येत नाही, आणि डॉक्टरबाईंना उद्याच जायचे होते. त्यांनी दार उघडलेही आणि उंबऱ्यावर पाय द्यायला उचलला.

"पाय देऊ नकोस!" वहिनी ओरडल्या.

सगळे जागच्या जागी थांबले. वहिनी खिळ्यांच्या भिंतीकडे गेल्या. खालच्या डबीतून खडू घेतला. परत आल्या, खाली बसल्या आणि बारा तासही न झालेल्या नव्या हिरव्या रंगावर पांढरा गोल काढला. खालून सुरू करून उजवीकडे वळणारा. ज्या रंगावर माशी बसलेली त्यांना खपत नसे, त्याच रंगावर. खडू रंगात रुतल्याचे मला जाणवले.

मिस्त्री त्या गोलाकडे बघत राहिले.

"हे काय?"

वहिनींनी तोंड त्यांच्याकडे केले आणि सावकाश म्हटले, "पोकळ आहे."

"कोण म्हणतं?"

"मी ऐकलं."

"मी नाही ऐकलं."

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

गॅरेजात मी पुष्कळदा शांतता ऐकली आहे, ठोकण्याच्या वेळची. ही तशी नव्हती. मिस्त्री बायकोकडे बघत होते, मग गोलाकडे, मग पुन्हा बायकोकडे. त्यांचा स्वतःचाच गोल, पण त्यांनी न काढलेला. ते किती गोल मोजत होते कुणास ठाऊक.

"केव्हापासून?" त्यांनी विचारले.

"सहा वर्षं झाली."

मिस्त्री भिंतीकडे गेले, एक छिन्नी आणि मोठी हातोडी घेतली. मला वाटले रागाने फेकतात की काय. पण ते माझ्यासमोर मांडी घालून बसले, गोलाच्या मधोमध छिन्नी धरली आणि एक घाव घातला. एकच. छिन्नी मुठीपर्यंत आत गेली. त्यांनी ती बाहेर काढली तसे तांबडे, घाणेरडे पाणी भळाभळा वाहत त्यांच्या मांडीवर आले. बारा वर्षांचे पाणी. डॉक्टरबाईंनी हळूच आपला पाय मागे घेतला.

मिस्त्रींनी त्या भोकात बोट घालून खालचा तळ चाचपला. जिथे चार भोके असायची, तिथे त्यांचेच गुळगुळीत वेल्डिंग लागले.

"मीच बुजवली होती," ते म्हणाले. "मी. माझ्या हाताने."

आणि मित्रांनो, तो जाड मनगटाचा माणूस माझ्या दाराला टेकून रडला. मला वाटते, ते उंबऱ्यासाठी कमी आणि कानांसाठी जास्त असावे. वहिनी त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांच्या साडीलाही ते तांबडे पाणी लागले, पण त्या उठल्या नाहीत.

"तू आधी का नाही बोललीस?" मिस्त्रींनी विचारले.

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

थोरले डॉक्टर स्टुलावर बसले आणि काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. "मिस्त्री, माझे गुडघे गेले तेव्हा मीही दोन वर्षं लपवलं होतं," ते मोठ्याने म्हणाले. "एका बैलाने लाथ मारायला आणि मला बाजूला होता न यायला एकच गाठ पडली, तेव्हा कबूल केलं. तुझं तरी पाण्यावर भागलं."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, लसी बर्फात टिकतील. मी चार दिवस थांबते. पण गाडी तुम्हीच करायची." मग त्यांनी बाहेर जाऊन वरच्या वस्तीला फोन लावला.

चार दिवस लागले. या वेळी मिस्त्री ठोकत आणि वहिनी खडू घेऊन उभ्या राहत. मिस्त्री मागे वळून बघत. वहिनी बोट गोल फिरवत किंवा सरळ ओढत. गल्लीतून जाणाऱ्यांना दिसत होते, आणि दिसू दिले. कुजलेला पत्रा कापून नवा बसवला. मग मिस्त्रींनी ड्रिल घेतले आणि तळाला चार भोके पाडली. एक एक भोक पाडून त्यांनी त्यात करंगळी घालून बघितली.

सगळे झाल्यावर त्यांनी छोटी हातोडी घेतली. पण ठोकण्याआधी डाव्या हाताचा पंजा उंबऱ्यावर सपाट ठेवला, आणि त्याच्या शेजारी ठोकले. मी वाजले. ते हात तसाच ठेवून थांबले. पत्र्याचा थरथराट त्यांच्या पंजातून मनगटात आणि मनगटातून कोपरात गेलेला मला जाणवला.

"कसा आला?" वहिनींना त्यांनी विचारले. मग लगेच हात वर केला. "थांब, सांगू नकोस. टण्ण आला."

"टण्णच," वहिनी म्हणाल्या आणि डोळे पुसले.

मी पुन्हा कामाला लागले आहे, मित्रांनो. विश्रांतीची आशा मी सोडून दिली आहे. पण एक मागणे आहे, थकलेल्या गाडीचे म्हणून ऐका. वस्तू नुसती वरून पुसू नका, खाली वाकून तिचा तळही बघा. आणि तुमच्या घरात कुणाला एखादी गोष्ट आता जमेनाशी झाली असेल, तर त्याच्या मागे गुपचूप रेघा पुसत बसू नका. समोर बसा, तोंड त्याच्याकडे करा आणि सावकाश सांगा. पाणी सगळ्यांच्याच आत शिरते. ते बाहेर जायला वाट तेवढी ठेवा.

धाकट्या डॉक्टरबाईंना आता एक सवय लागली आहे. रोज सकाळी आत चढण्याआधी त्या वाकतात आणि उंबऱ्यावर दोनदा टिचकी मारतात. त्या वेळी मी कितीही दमलेली असले, सांधे कितीही आखडलेले असले, तरी उत्तर देते.